शब्दचर्चा : ‘अमुक मंडळीचे सभासद’ म्हणजे नक्की काय?

विचारणा : आम्ही नाशिकच्या शरणपूर रोडला राहतो. शेजारच्या ख्रिस्ती घरातून लग्नपत्रिका आली. त्यात मुलीचे वडील ‘मंडळीचे सभासद’ आहेत असं छापलंय आणि लग्न ‘पाळकसाहेब’ लावणार आहेत. मंडळी म्हणजे चर्चची इमारत का? आणि बाप्तिस्मा झाला की माणूस आपोआप सभासद होतो का?

प्रतिसाद : ताई, इमारत नव्हे, माणसं. इमारतीला आपल्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं सरळ ‘देऊळ’ म्हणतात, नवी पिढी ‘चर्च’ म्हणते. ‘मंडळी’ म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा समुदाय. मराठी पवित्र शास्त्रात येशू पेत्राला ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ असं म्हणतो, ते याच अर्थाने. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून एकत्र आणलेली सभा. दोघे-तिघे त्याच्या नावाने जमले तरी तो त्यांच्यामध्ये असतो, अशी श्रद्धा आहे; म्हणून भिंती नसल्या तरी मंडळी असू शकते. मला हा शब्द ‘चर्च’पेक्षा फार नेमका वाटतो.

व्याकरणही पाहा. घरची मंडळी, नाटकमंडळी असे समूह आपण म्हणतो, पण ‘मंडळ्या’ असं अनेकवचन एरवी कमीच कानावर पडतं. ख्रिस्ती मराठीत ते रुळलेलं आहे, पवित्र शास्त्रातच पाहा : आशियातल्या सात मंडळ्या, गलतीयातल्या मंडळ्या.

आता सभासदत्व. इथे पंथ पाहावा लागतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रॉटेस्टंट चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून उभं राहिलं. त्यात तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे जाणत्या वयातच द्यावा असं मानणारेही होते. एकत्र येताना दोन्ही रीती मान्य केल्या गेल्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण बाप्तिस्म्यावरून मंडळ्या फुटल्याचा इतिहास मोठा आहे. बाळपणी बाप्तिस्मा झालेलं मूल मंडळीचंच असतं. पण मोठं झाल्यावर शिकवणीला बसून ते स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं, बिशप डोक्यावर हात ठेवतात. याला ‘दृढीकरण’ म्हणतात. त्यानंतर ते प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसात, सहभागी होतं. पूर्ण सभासद म्हणतात तो हा. मंडळीच्या कारभारात मत द्यायचं तर उपासनेला नियमित येणं आणि वर्गणी देणं हेही धरलं जातं.

बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बाळाचं फक्त ‘समर्पण’ होतं. बाप्तिस्मा पुढे, स्वतः मागितल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून.

म्हणजे जन्माने किंवा लग्नाने कोणी पूर्ण सभासद होत नाही. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं पाहा. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं त्या ख्रिस्ती माणसाच्या पत्नी होत्या, ख्रिस्ती नव्हत्या.

विचारणा : आणि पाळक, पाद्री, फादर? आमच्या घरी सगळ्यांनाच ‘पाद्री’ म्हणतात.

प्रतिसाद : ‘पाद्री’ पोर्तुगीजांकडून आला, अर्थ ‘पिता’. ‘नाताळ’ही तिकडूनच. प्रॉटेस्टंट घरात मात्र ‘पाळक’ म्हणतात. येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो, त्याच्या वतीने कळप सांभाळणारा तो पाळक. कॅथलिकांमध्ये ‘फादर’. पत्रिकेवर पाळकसाहेब छापलंय, तर तुम्हीही समोर भेटल्यावर तसंच म्हणा. बरं वाटेल त्यांना.

दुसरा प्रतिसाद : मी कॅथलिक आहे, नाशिकरोडची. थोडी भर घालते. आमच्याकडे रविवारी ‘मिस्सा’ असते, ‘उपासना’ हा शब्द प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांकडे जास्त ऐकू येतो. बाप्तिस्म्याला आम्ही ‘स्नानसंस्कार’ही म्हणतो. संस्कार सात, त्यांपैकी स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर (म्हणजे प्रभुभोजन) या तिघांनी माणूस पूर्णपणे ख्रिस्तसभेत येतो. हो, मंडळीऐवजी आमचा शब्द ‘ख्रिस्तसभा’. फेब्रुवारीत बाळ येशूच्या देवळाशी जी गर्दी लोटते तिला मात्र सगळं नाशिक ‘यात्रा’च म्हणतं, आम्हीसुद्धा. तिथे येणाऱ्याला सभासदत्व कोणी विचारत नाही.

प्रतिसाद : छान सांगितलंत. विचारणाऱ्या ताईंसाठी एक राहिलं : तुमच्या रस्त्याला नाव देणारं शरणपूर हीसुद्धा मुळात एक ख्रिस्ती वसाहतच. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने ती वसवली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली. आफ्रिकेत फिरलेला शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह १८७४ साली इंग्लंडपर्यंत पोहोचवणारा जेकब वेनराइट त्यांच्यातलाच.

आणि पत्रिकेत मंडळीचं नाव का, तर पुष्कळ मंडळ्यांत लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं सर्वांसमोर वाचतात, कोणाची हरकत असल्यास सांगा म्हणून. वर दुसऱ्या मंडळीतला असेल तर तिथल्या पाळकांचं पत्रही लागतं.