‘दुष्टाला अडवू नका’: इथे ‘अडवणे’ चालेल का?

कोरी पाटी: ख्रिस्ती प्रार्थना आणि अहिंसेवरची एक पुस्तिका मराठीत आणतोय, आणि बायबलमधल्या मत्तय ५:३९ पाशी घोडं अडलंय. प्रचलित भाषांतर ‘दुष्टाला अडवू नका’. पुस्तिका म्हणते, अन्यायाला तोंड द्या, फक्त हात उचलू नका. पण मराठीत ‘अडवणे’ म्हणजे वाट रोखणे, त्यात मारहाण येतेच असं नाही. मग वाचणारा समजेल की मार खाणाऱ्याला सोडवायलाही जाऊ नये. ‘प्रतिकार करू नका’ केलं तर?

ओळंबा: ‘प्रतिकारा’नं तीच अडचण राहते, उलट जास्तच. मूळ ग्रीक क्रियापद अँतिस्तेनाइ. अँती म्हणजे समोर, स्तेनाइ म्हणजे उभं राहणं (आपल्या ‘स्था’चा चुलतभाऊ). जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात ते बरेचदा लढाईच्या संदर्भात येतं. त्यावरून वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकानं ‘हिंसेनं उलट वार करू नका’ असा अर्थ लावला. मी ‘दुष्टाशी जशास तसे वागू नका’ लिहीन. आदल्याच ओवीत ‘डोळ्याबद्दल डोळा’ आहे, त्याला हे नीट लागतं.

खडू-फळा: आधी, ‘ओवी’ नव्हे, ‘वचन’. आता विंक. गलतीकरांस २:११ मध्ये पौल केफाला (म्हणजे पेत्राला) तोंडावर विरोध करतो तिथंही हेच क्रियापद आहे. तिथे लढाई नाही, कानउघाडणी आहे. म्हणजे हिंसा शब्दात नाही, ती संदर्भातून आणावी लागते. ती भाषांतरात कोंबू नका, तळटीप द्या. शिवाय ‘जशास तसे’ म्हटलं की मराठी कानात लगेच ‘ठकास महाठक’ वाजतं.

आणि ‘दुष्टाला’च का? ‘तो पोनेरो’ हे ग्रीक रूप पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी, दोन्हींत सारखंच. प्रभूच्या प्रार्थनेत (६:१३) तोच शब्द वेगळ्या विभक्तीत आहे आणि तिथे आपण ‘वाइटापासून सोडव’ म्हणतो. इथे पुढे लगेच गाल येतो, म्हणून माणूस धरायचा, एवढंच.

उंबरठा: गालाचंही बघा. वचनात ‘उजवा गाल’ म्हटलंय. उजव्या हातानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा फिरवावा लागतो (हवेत करून पाहा). ही थप्पड मार लागण्यासाठी नसते, पाणउतारा करण्यासाठी असते. मिश्नात (यहुदी कायद्याच्या जुन्या संग्रहात), बाबा कामा ८:६, साध्या थपडेला २०० झूझ (तेव्हाचं चांदीचं नाणं) दंड आणि उलट्या हाताच्या थपडेला ४००. दुसरा गाल पुढे केला की उलटा हात चालत नाही. मारायचंच तर बरोबरीच्या माणसाला मारतात तसं मारावं लागतं. पण लूक ६:२९ मध्ये ‘उजवा’ हा शब्द नाही, तेव्हा सगळा डोलारा त्यावर उभारू नका. ‘मारतो’ऐवजी ‘थप्पड मारतो’ एवढं तरी करा.

जुनी शाई: ५:४४ मध्ये ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ ठेवणार ना? हल्ली सरसकट ‘प्रेम’ करतात. ‘अगापे’ या मूळ ग्रीक शब्दासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरून घडलेला शब्द आहे तो.

ओळंबा: चर्चमध्ये घडलेला, बाहेर नाही. बाहेर ‘प्रीती’ भावगीतात राहते. दोन्ही शब्द ‘प्री’ याच धातूचे, सोवळं कुणाचंच जास्त नाही.

जुनी शाई: भावगीताला घाबरून धर्मग्रंथातला शब्द बदलायचा? मग ‘क्रूस’ही काढा, तो तर पोर्तुगीज.

उंबरठा: प्रीती की प्रेम, वाचक निभावून नेईल. खरी ठेच क्रियापदाला लागते. ‘प्रेम करा’ म्हटलं की भावना उत्पन्न करा असं वाटतं, तसं होत नाही, आणि वाचक पुस्तिका मिटतो. ५:४५ मधला दाखला सूर्याचा आणि पावसाचा आहे, देव ते बऱ्यावाईट सगळ्यांना सारखेच देतो. तो कृतीचा आहे, जिव्हाळ्याचा नाही. प्रार्थनेच्या पायऱ्या लिहाल तेव्हाही जपा: नाव घ्या, त्या माणसाला हवं असलेलं एक ठोस भलं मागा (बरी तब्येत, काम, झोप), आणि थांबा. ‘त्याला सद्बुद्धी दे’ अजिबात लिहू नका. मराठीत ती शिवीच आहे, फक्त हात जोडून दिलेली. तिथूनच प्रार्थनेची फिर्याद होते.

खडू-फळा: हे पटलं. लूक ६:२८ मध्येही असंच. ‘शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या’. मराठीत आशीर्वाद थोरल्यानं द्यायचा. छळणारा सासरा किंवा साहेब असेल तर धाकट्यानं काय द्यायचं? ग्रीक शब्दाची फोड ‘चांगलं बोलणं’ अशी आहे. ‘शुभ चिंता’ बसेल.

जुनी शाई: ‘चिंता’ वाचून लोक काळजीच करत बसतील.

कोरी पाटी: सद्बुद्धी खोडली. पण ‘अडवू नका’चं काय?

ओळंबा: ‘आडवे येऊ नका’? समोर उभं राहणं त्यात आहे, आणि ‘अडवणे’शी नातंही दिसतंय.

खडू-फळा: आडवं मांजर जातं. आणि अर्थ पुन्हा तिथेच आला, सोडवायला जाऊ नका.