अडलेलं वाचन पुन्हा कसं सुरू झालं? सीमाभागातल्या वाचकांचे अनुभव

आपल्या भागाला वाचनाची सवय जुनी आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडीला गल्लीच्या गल्ली रस्त्यावर येते. आणि तरीही हल्ली ज्याच्याशी बोलावं तो म्हणतो, "पूर्वी खूप वाचायचो हो, आता होत नाही." पुस्तक आणलं जातं, उशाशी राहतं, खूण विसाव्या पानावरून हलत नाही. हा आळस आहे असं मला मुळीच वाटत नाही. प्रत्येकाचं वाचन वेगळ्या ठिकाणी अडतं, आणि ते ठिकाण सापडलं की निम्मं काम होतं. म्हणून हा धागा. पुस्तकांच्या याद्या नकोत, त्या कुठंही मिळतात. तुमचं काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करते.

टिळकवाडी, बेळगाव

मी शाळेत मराठी शिकवते. वह्या-उत्तरपत्रिका तपासून तपासून छापील ओळ दिसली की नजर आधी ऱ्हस्व-दीर्घावर जाते. कादंबरी वाचतानाही हात पेन चाचपायचा, गोष्ट पुढं सरकायचीच नाही. त्यातून मला बाहेर काढलं कवितेनं. इंदिरा संत आपल्या गावच्या, शिक्षकी पेशातल्या. त्यांचा एक संग्रह पर्समध्ये ठेवला आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एकच कविता ओठ हलवत वाचायची, एवढंच ठरवलं. ओळ इथंच का मोडली, या शब्दापाशी का थांबली, हे बघण्यात चुका शोधायचं भानच राहिलं नाही. एखादी नाही उमगली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत कथासंग्रह हातात घेतला, तेव्हा पेन आठवलंही नाही.

शहापूर

आमच्या घरी माग आहेत. दिवसभर कानात खटखट आणि रात्री जेवल्यावर पुस्तक, हे वडिलांपासूनचं. पंचेचाळिशीनंतर दोन पानांत डोकं जड व्हायला लागलं. घरचे म्हणायचे, मोबाईलनं लक्ष उडालंय. पण मोबाईलवर अक्षर मोठं करता येतं, म्हणून मी तिकडं वळत होतो! पुस्तकात 'ष्ट' आणि 'ष्ठ' वेगळे दिसायला ते हातभर लांब धरावं लागायचं. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, डोळे दाखवून घ्या की." जवळचा नंबर निघाला. चष्मा आला, डोक्यावरच्या ट्यूबऐवजी खांद्यामागून उजेड येईल असा दिवा लावून घेतला, आणि वाचन पूर्ववत झालं. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मनाला दोष द्यायच्या आधी डोळे तपासा.

खानापूर तालुका

माझं थोडं वेगळं आहे. घरात मराठी, शाळा मात्र पहिलीपासून कन्नड. देवनागरी आली ती हिंदीच्या तासाला. त्यामुळं मराठी वाचता येतं, पण अडखळत. घरातल्या कपाटात आजोबांनी जमवलेली मराठी पुस्तकं, आणि मी कन्नड कादंबऱ्यांचा फडशा पाडायचो. नोकरी लागल्यावर कन्नड वाचनही बंद पडलं. कित्येक वर्षं हातात फक्त फोन.

गेल्या पावसाळ्यात गावी होतो. आमच्याकडं पाऊस लागला की वीज जाते, रेंज जाते, दिवसच्या दिवस झड. कपाटात भैरप्पांची एक कादंबरी दिसली, उमा कुलकर्णींनी मराठीत केलेली. मूळ कन्नड मी कॉलेजात असताना वाचली होती. गोष्ट ठाऊक असल्यामुळं मराठीची भीती वाटली नाही. कन्नड प्रत मित्राकडून आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक प्रकरण वाचत गेलो. मराठीत अडलो की कन्नडमध्ये बघायचं, पुन्हा मराठीत यायचं.

तरी वेग येईना. छापील 'च' कधी 'चार'मधला म्हणायचा आणि कधी 'चूल'मधला, हे अक्षरावरून कळत नाही. 'ज', 'झ'चंही तेच. डोळ्यांनी वाचताना मी प्रत्येक शब्दाशी थांबत होतो. मग मोठ्यानं वाचायला लागलो, आणि तोंडातून आपोआप बरोबर उच्चार यायला लागला. तो घरात जन्मापासून ऐकलेलाच होता की! चुलीपाशी बसलेली आजी कान देऊन ऐकायची. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण मी चुकलो की तिथूनच म्हणायची, "असं न्हवं रे, पुन्यांदा म्हण." पुढं पुढं तर संध्याकाळ झाली की तीच विचारायची, आज वाचणार नाहीस होय?

आता मी मनातल्या मनात मराठी वाचतो. अजून सावकाश, पण ओळ संपेपर्यंत अर्थ हातातून निसटत नाही. सीमाभागात माझ्यासारखी पोरं घरोघरी आहेत. त्यांना "मराठी वाचत नाहीत" म्हणून कुणी नावं ठेवू नयेत. त्यांच्या हातात माहीत असलेली गोष्ट द्या आणि ऐकायला शेजारी बसा.

निपाणी

मूल झाल्यावर सलग तास मिळणं संपलं. दोनशे पानांचं पुस्तक उघडलं की रडू ऐकू यायचं, परत बसेपर्यंत कोण कुणाचा भाऊ ते विसरलेलं असायचं. कादंबऱ्या बाजूला ठेवल्या आणि कथा धरल्या, बाळाच्या एका झोपेत एक संपेल अशा. आमच्या गावचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवता चालवता लिहीत राहिले, तंबाखूत राबणाऱ्या बायांवर लिहिलं. माझी सासू वखारीत जायची. तिच्या घशातली तंबाखूची खवखव, संध्याकाळी पदर झाडून मगच नातवंडाला घेणं, हे मी रोज बघितलेलं. तसलं जगणं छापलेलं दिसल्यावर पुस्तक मिटवेना. दळण आणायला जातानाही पिशवीत पुस्तक असतं.

चिकोडी

थोडक्यात लिहितो. दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला हे वरदान आहे. कथा नाही आवडली तर लेख, लेख नाही तर व्यंगचित्र. वाचनालयं अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात, ती भरा. अंक ठरल्या मुदतीत परत करायचा असतो, त्या धाकानं वाचून होतो. मात्र "पुस्तक आवडलं नाही तर सोडून द्या" असा सल्ला बरेच जण देतात, तो मला पटत नाही. काही पुस्तकं पन्नास पानांनंतरच उघडतात.

टिळकवाडी, बेळगाव

पन्नास पानं देण्याची ताकद असलेल्यानं जरूर द्यावीत. पण ज्याचं वाचन बंदच पडलंय, त्याला पहिल्याच पुस्तकाशी झुंजायला लावू नये असं मला मनापासून वाटतं. ताकद आली की अवघड पुस्तकाकडं परत जाता येतं.

हिंडलगा

आम्ही नवरा-बायको एकच पुस्तक वाचायचो. आधी ती, मग मी. तिला आवडलेल्या ओळीसमोर समासात पेन्सिलीची बारीक टिंबं असायची, आणि मी तिथं पोचलो का, हे ती माझ्या चेहऱ्यावरून ओळखायची. ती गेल्यावर नवी पुस्तकं कोरी वाटायला लागली. वाचनालयाची वर्गणी भरत राहिलो, पुस्तक तसंच परत द्यायचो.

धाकट्या भावाची नजर मधुमेहानं अधू झाली. फोनवर म्हणाला, "दादा, काहीतरी वाचून पाठव की." घरातलंच एक पुस्तक काढलं, तिच्या टिंबांचं. फोनवर रेकॉर्ड करून रोज थोडं पाठवायला लागलो. पहिल्या दिवशी एका टिंबापाशी आवाज फुटेना. थांबलो, पाणी प्यालो, पुढं वाचलं. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन, "त्या बाईचं पुढं काय झालं?" त्याला सांगायचं म्हणून मला वाचावं लागलं, आणि असं करता करता मीच त्या गोष्टीत शिरलो.

वर उमाताईंचं नाव आलं म्हणून सांगतो. त्यांचा जन्म बेळगावचा. त्यांचे पती विरुपाक्ष कुलकर्णी त्यांना कन्नड पुस्तकं वाचून दाखवत, टेप करून ठेवत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत अनुवाद करत. एकानं वाचावं, दुसऱ्यानं ऐकावं, यातून एवढं मोठं काम उभं राहिलं. भावानं परवा नव्या पुस्तकाची मागणी केली आहे. समासात टिंबं मी करतो आता.

खानापूर तालुका

काका, तुमची रेकॉर्डिंग माझ्या आजीसाठी मिळतील काय? मी नोकरीच्या गावी परत आलोय, तिला वाचून दाखवायला घरी कुणी नाही.

हिंडलगा

मिळतील की. पण तुमच्याकडं पावसात रेंज नसते म्हणालास, तेव्हा पेनड्राइव्हवर घालून देतो. येताना पेनड्राइव्ह घेऊन ये, आणि आजीला गावाकडची गोष्ट आवडते का देवादिकांची, ते विचारून ये.