मदत हवी आहे: एफआय गाडी घाटात मरते आणि स्कॅनर म्हणतो सगळं ठीक

खडपोलीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १६० सीसीची बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांची) एफआय गाडी आहे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टर पेट्रोल सोडतो ती. २०२१ची, एकतीस हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही घेतलीच कशाला'वर जाईल.

दर शनिवारी चिपळूणहून कराडला जातो, कुंभार्ली घाटाने. गेला दीड महिना एकच रडगाणं. सपाटीला गाडी झकास. पोफळी मागे पडून चढ लागला की दहा-बारा मिनिटांत पिकअप जातो. तिसऱ्यात टाकून मूठ पिळली तरी ओढत नाही, मग दोन-चार आचके आणि बंद. कडेला लावून दहा मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू, जसं काही झालंच नव्हतं. तीन-चार वळणं जातात, परत तेच. उतरताना मात्र एकदाही नाही.

सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली. तिन्ही वेळा लॅपटॉप लावला आणि 'एकही एरर कोड नाही' असं सांगितलं. तरीही प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली. चार हजारांच्या वर गेले. आता म्हणतात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलून बघू. बघू म्हणजे माझ्या पैशाने बघू.

आणि दुसरीकडे अण्णांची २००९ची स्प्लेंडर. जुलैत तीही अशीच भकभक करत होती. आळीतल्या मिस्त्रीने कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल केला, पेट्रोल काचेच्या ग्लासात घेतलं, दोन मिनिटं उजेडात धरून बघितलं, ओतून दिलं, स्क्रू आवळला. पन्नास रुपये. तेव्हापासून अण्णा जेवताना रोज विचारतात, "तुझ्या कॉम्प्युटरला काय कळलं का?"

तर दोन प्रश्न. घाटात बंद पडल्यावर मी स्वतः काय तपासू शकतो? आणि ही विकून चांगली जपलेली कार्बोरेटरची गाडी घेणं शहाणपणाचं आहे का?

जुनी_राजदूत
विका. मी चाळीस वर्षं गाड्या चालवतोय. कार्बोरेटर म्हणजे उघडं पुस्तक. प्लग काढा: काळा आणि काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, विटकरी असेल तर घाला परत आणि निघा. पिकअपला अडखळते तर पायलट जेट, वरच्या वेगाला मरते तर मेन जेट, पेट्रोल गळतंय तर फ्लोटची सुई. सगळं डोळ्यांना दिसतं. पल्सर २२०चंच बघा, २००७ला एफआय म्हणून आली, २००९ला कार्बोरेटर लावून स्वस्तात परत आली आणि तीच धो-धो खपली.

ओममीटर
काका, ती किंमतीमुळे खपली. दुरुस्ती सोपी म्हणून नाही. आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-सहा लागू झाल्यापासून नव्या गाड्या जवळजवळ सगळ्या एफआयच आहेत, स्प्लेंडरसुद्धा. म्हणजे कार्बोरेटर हवा तर जुनी, कुणीतरी पिळून काढलेली गाडीच घ्यावी लागणार. एका अडचणीतून दुसरीत.

खडपोलीकर, तुमच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांचं एक चुकतंय असं मला वाटतं. 'कोड नाही' याचा अर्थ 'बिघाड नाही' असा ते घेतायत. ईसीयूला फक्त विजेची भाषा कळते. हवेचा दाब, हवेचं तापमान, इंजिनची उष्णता, मूठ किती पिळली, क्रँक कुठे आहे, हे त्याला सेन्सरकडून व्होल्टेजच्या रूपात मिळतं. एखादी वायर तुटली किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो कोड साठवतो आणि पिवळा दिवा लावतो. पण बहुतेक मोटरसायकलींना पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. ईसीयू हिशेब करतो की इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडला म्हणजे इतकं पेट्रोल गेलं. पंप दाब देतोय हे तो गृहीतच धरतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल कमी पडल्याचं ओळखू शकतो, पण पूर्ण मूठ पिळलेली असताना बहुतेक गाड्यांत ईसीयू त्याचं ऐकत नाही. आणि तुमची गाडी नेमकी तेव्हाच मरते.

म्हणून कोड नाही ही पण माहितीच आहे. वायरिंग आणि सेन्सर बहुधा ठीक. ईसीयूला हात लावू देऊ नका.

पुढच्या वेळी बंद पडली की घाई न करता एवढं करा. चावी बंद करून पुन्हा चालू करा आणि सेल्फ न मारता कान टाकीला लावा. पंप दोनेक सेकंद 'झूंऽऽ' करून थांबायला हवा. आवाजच नाही तर फ्यूज, रिले किंवा पंपाची वायर. त्याच वेळी पिवळा दिवा लागून विझतो का बघा. चावी चालू केल्यावर तो लागतच नसेल तर ईसीयूपर्यंत वीज पोचत नाहीये, किंवा दिवाच गेलाय. मग टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली तर टाकीची श्वासनळी तुंबलीय. आणि बॅटरीचं व्होल्टेज. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ हवं. कार्बोरेटरची गाडी मेलेल्या बॅटरीवर किक मारून घरी येते, एफआयचा पंप नाही येऊ देत. हा मुद्दा काकांच्या बाजूचा, मान्य.

घाटावरचा_टिनू
माझ्या जुन्या १८०ला पाच हजारांच्या वर आरपीएमच जात नव्हते. तीन महिने तीन मेकॅनिक. प्रत्येकाने कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, बंद केला. चौथ्याने वरचं झाकण काढून रबरी डायफ्रॅम उन्हात धरला, टाचणीएवढं भोक. ते उघडं पुस्तक वगैरे ठीक आहे, पण वाचणारा पाहिजे ना.

त्याच गाडीने लडाखला गेलो होतो. खारदुंगला चढताना काळा धूर, प्लग कोळसा. विरळ हवेत कार्बोरेटर आपला खालच्या हिशेबानेच पेट्रोल ओततो. सोबतच्या मित्राची एफआय हवेचा दाब मोजून आपोआप पेट्रोल कमी करत गेली, तो वर माझी वाट बघत चहा पीत बसला होता.

खडपोलीकर
ओममीटर, मनापासून धन्यवाद. काल गेलो होतो. अलोरे, पोफळी, आणि ठरलेल्या वळणाला ठरल्याप्रमाणे मेली. झाकण उघडलं, फुस्स नाही. दिवा लागून विझला. व्होल्टेज शिरगावला थांबून मोजलं होतं, १४.१. पंप वाजतो, पण आवाज वेगळा वाटला. घरी 'झूंऽऽ' भारदस्त असतो, इथे बारीक आणि चिरका. मोबाईलवर दोन्ही रेकॉर्ड केले आणि अण्णांना ऐकवले. ते म्हणाले, डास आणि भुंगा.

परत येऊन ओळखीच्या गॅरेजमध्ये पेट्रोलच्या पाइपात टी-जॉइंट टाकून गेज लावला. आयडलला ४३ पीएसआय, म्हणजे जवळपास ३ बार. पुस्तकातही तेवढंच आहे. रेस करून बघितलं, काटा हलला नाही. म्हणजे पंपही पास! आता मात्र डोकं चालेना.

पाना_१०_११
दादा, मिरजेत माझं गॅरेज हाय, बावीस वर्षं झाली. तुमचं उत्तर तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये पडलंय, कुणी बघितलंच नाही. वडिलांच्या ग्लासात काय दिसलं होतं?

आणि दाब म्हंजे सगळं न्हवं. नळाच्या तोंडावर अंगठा धरला की बारीक धारेचा नळ पण जोर दावतो. जाग्यावर रेस केली तरी इंजिनवर लोड नसतो, पेट्रोल लागतंय किती? चमचाभर. चढाला पूर्ण मूठ पिळून पाच-दहा मिनिटं सलग ओढली की खरी मागणी असते. दाब नको, धार मोजा. उघड्यावर, जवळ आग-बिडी काही नको, इंजिन गार असू द्या. पाइप बाटलीत सोडायचा, पंपाला थेट बॅटरी द्यायची आणि धारेकडं बघत ऱ्हायचं. मिस्त्रीला करू द्या, तुम्ही एकट्यानं करू नका.

माझा अंदाज सांगतो. पंपाच्या बुडाला जाळी असते. तिच्यावर कचरा बसला की सलग ओढताना तो सगळा जाळीला चिकटतो आणि पंप उपाशी मरतो. गाडी थांबली, ओढ थांबली, कचरा सुटून खाली बसतो. दहा मिनिटांनी गाडी परत चालू. उतारावर मूठ बंदच असते, म्हणून उतरताना काही होत नाही. तुमची लक्षणं तंतोतंत ही हायत.

खडपोलीकर
ग्लासात खाली वेगळा थर होता. मिस्त्री म्हणाला पाणी आहे. मला वाटलं जुनी गाडी, जुनं झाकण, असायचंच.

ओममीटर
अरेच्चा, हे मी वाचूनही सोडून दिलं. दोन्ही गाड्या एकाच अंगणात, एकाच पावसात उभ्या असतात का? आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी आपल्यात सामावून घेतं, पण मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला जातात. एफआयचा पंप तळातूनच ओढतो. स्प्लेंडरला निदान फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीचा) स्क्रू आहे, सोडला की दिसतं. तुमच्या गाडीला तसा स्क्रूच नाही. बघायचं तर पंप बाहेर काढावा लागतो.

खडपोलीकर
उशिरा लिहितोय, पण नीट लिहितो.

गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत धार बघितली. सुरुवातीला बोटभर जाड, सरळ. मी मनात आकडे मोजत होतो. पंचविसाच्या सुमारास धार बारीक झाली, आणि पंपाने तोच घाटातला चिरका आवाज काढला. चाळीसला धार तुटक. गॅरेजवाल्याने पंप बंद केला, आम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहिलो, परत चालू केला. पुन्हा बोटभर जाड! कुंभार्लीचा अख्खा चढ त्या बाटलीत बघितला.

टाकी रिकामी करून पंप बाहेर काढला. बुडाची जाळी पांढरी असते म्हणे. आमची तपकिरी, बुळबुळीत, वर गंजाची भुकटी आणि काहीतरी साबणाच्या साक्यासारखं. टाकीतलं शेवटचं पेट्रोल अण्णांच्याच ग्लासात घेतलं. तळाला दोन बोटं दुधी थर.

आता पाणी आलं कुठून? टाकीच्या झाकणाभोवती खळगा असतो, त्यात साचलेलं पावसाचं पाणी एका बारीक भोकातून नळीवाटे खाली रस्त्यावर पडायला हवं. झाकणावर पाणी ओतलं, ते तिथेच उभं. नळीचं खालचं टोक बघितलं तर कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेलं. व्यवस्थित, गुळगुळीत, आत घर केलेलं. म्हणजे चार महिने कोकणातला पाऊस झाकणाभोवती साचून आत झिरपत होता.

जाळी नवी, टाकी धुऊन सुकवली, नळी तारेने मोकळी केली, एक फिल्टर बदलला. सगळे मिळून सर्व्हिस सेंटरच्या बिलाच्या अर्ध्यापेक्षा कमी. शनिवारी सकाळी टाकी भरून निघालो. पोफळीनंतर तिसऱ्यात मूठ पिळून थेट घाटमाथ्यावर, नंतर हेळवाकपर्यंत, एकदाही न थांबता.

गाडी विकत नाही. अण्णांचं म्हणणं वेगळं आहे: "शेवटी ग्लासातच बघावं लागलं ना?"

जुनी_राजदूत
अण्णांना माझा नमस्कार सांगा.

घाटावरचा_टिनू
एक शंका. कोड खरोखर असेल तर लॅपटॉपशिवाय वाचता येतो ना? माझ्या आताच्या गाडीचा दिवा कधीकधी मिचकावतो.

ओममीटर
बऱ्याच गाड्यांत येतो. होंडाच्या पद्धतीत लांब मिचकावणं म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. सात आखूड म्हणजे इंजिनच्या उष्णतेचा सेन्सर, आठ म्हणजे थ्रॉटल, एक लांब दोन आखूड म्हणजे बारा, इंजेक्टर. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे वेगळे, त्यामुळे आपल्याच गाडीचं मॅन्युअल बघा. दिवा मोबाईलवर शूट करून सावकाश मोजा, उन्हात डोळे फसतात. सॉकेटच्या पिना कुणी सांगितलं म्हणून तारेने जोडू नका, चुकीच्या दोन जोडल्यात तर मग खरंच ईसीयूचा खर्च येईल. नवा धागा काढा, इथे दोन गाड्यांची सरमिसळ होईल.

पाना_१०_११
खडपोलीकर दादा, काढलेलं पेट्रोल बाटलीत ठेवलं असशीला तर स्प्लेंडरला घालू नका, 'वरचं चांगलं हाय' म्हणून. आमच्याकडं हे दर पावसाळ्यात एक तरी गिऱ्हाईक करतंच. आणि नळीच्या टोकाला जुन्या पायमोज्याचा जाळीदार तुकडा घट्ट न करता बांधा. माशी तिथंच परत येणार.

खडपोलीकर
घातलं होतं. कालच. आता जाऊन स्क्रू सोडतो.