त्सुनामी आणि साधी लाट: फरक उंचीचा नाही

'त्सुनामी म्हणजे खूप उंच लाट, सातवीच्या मुलांना एवढं पुरे' असं शिकवताना काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. वाऱ्याने उठलेली लाट पृष्ठभागापुरती असते. खाली गेलं की पाणी शांत. त्सुनामीत तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हलतं. म्हणूनच ४००० मीटर खोल समुद्रात ती ताशी ७०० किमीच्या आसपास धावते, तरी उंची बहुधा मीटरभरही नसते. जहाजावरच्यांना पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ, १० मीटर खोलीवर वेग ताशी ३६ किमीपर्यंत उतरतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि उंची वाढते.

आणि इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटाबद्दल नक्की सांगा. हिंदी महासागरातली २००४ ची त्सुनामी ज्या भूकंपाने उठली, तो या बेटाजवळच झाला. पण १९०७ च्या त्सुनामीची आठवण तिथल्या आजी-आजोबांनी जपली होती: जमीन जोरात हलली, समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळायचं. बेटावरची जवळजवळ सगळी माणसं त्यामुळे वाचली! पहिली लाट ओसरली म्हणून लगेच खाली उतरायचं नाही, हेही शिकवा. नंतरची लाट तिच्याहून मोठी असू शकते.