विमानातून उडी मारली नाही म्हणजे जगलोच नाही का?

गोदाकाठचा:
काल एका नाशिककर तरुणाची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. दुबईला जाऊन टँडम स्कायडायव्हिंग करून आलाय. फोटो झकास आहेत, अभिनंदन. पण फोटोंखाली जे लिहिलंय त्याने डोकं फिरलं. "तिशीच्या आत विमानातून उडी मारली नसेल तर तुम्ही फक्त श्वास घेतलात. नाशिककरांचं साहस म्हणजे रविवारची तर्रीवाली मिसळ आणि सोमेश्वरला सेल्फी."

बाळा, उडी तू मारली नाहीस, तुला नेलं. मागे अनुभवी माणूस, त्याच्या पट्ट्यांना तू चार ठिकाणी अडकवलेला. दारातून बाहेर तो काढणार, पॅराशूट तो उघडणार, दिशा तो देणार आणि उतरताना "पाय वर घे" असं ओरडणारही तोच. तुझं कर्तृत्व काय, तर पैसे भरले आणि फॉर्मवर सही केली. त्या फॉर्मवर काय होतं ते तरी वाचलंस का? काहीही झालं तरी आमची जबाबदारी नाही, एवढंच चार पानं फिरवून फिरवून लिहिलेलं असतं.

ज्याला हौस आहे त्याने खुशाल जावं, हौसेला मोल नसतं. माझा राग त्या पुढच्या तोऱ्यावर आहे. पहाटे साडेचारला भाजीचा टेम्पो घेऊन कसारा घाट उतरणारा माणूस याच्या हिशोबाने जगलाच नाही!

उनाड_पाखरू:
दादा, पोस्टमधला तोरा मलाही आवडला नाही. पण "तुला नेलं" हे वाक्य दारात न बसलेल्या माणसाचं आहे, हे लगेच कळतं.

मी केलंय. सगळ्यांना वाटतं तसा पोटात गोळा येतच नाही, कारण विमान आधीच वेगात असतं आणि त्याच वेगाने तुम्ही वाऱ्यावर आदळता. पहिले काही सेकंद डोकं बंद. नंतर ताशी १९०-२०० किलोमीटरचा वारा तोंडावर, गाल फडफडतायत, घसा कोरडा, आणि पडतोय असं अजिबात वाटत नाही, कारण जमीन इतकी लांब असते की जवळ येताना दिसतच नाही. १३ हजार फुटांवरून हे जेमतेम मिनिटभर. मग एक हिसका, आणि आवाज एकदम बंद. त्या शांततेत माझ्या प्रशिक्षकाने मागून शांतपणे विचारलं, "नाश्ता केला होता का?" मी खालपर्यंत हसत होते.

पैसे भरले, कबूल. पण पाय बाहेर लोंबत असताना "नको" म्हणायची मुभा होती आणि मी म्हटलं नाही. तेवढं तरी माझं समजा.

देवळाली_कॅम्प:
आमचा मोठा भाऊ सैन्यात पॅरामध्ये, म्हणजे विमानातून उड्या मारणाऱ्या तुकडीत होता. आग्र्याला साधारण साडेबाराशे फुटांवरून उड्या, पाठीवर सामान, त्यातली एक रात्री. काही चुकलं तर विचार करायलाही वेळ नाही. घरी आल्यावर त्याने एक शब्द सांगितला नाही, फोटो तर दूरच. तुमची टँडम म्हणजे फौजीच्या भाषेत सामान. सामानाने शौर्याच्या गप्पा मारू नयेत.

उनाड_पाखरू:
सामान बोलतंय, दादा. भावाला सलाम. पण ज्याने सैन्यात उडी मारली त्याच्याखेरीज कुणी आनंदच घ्यायचा नाही, असा नियम कधी निघाला?

हाडवैद्य:
माझ्याकडे येणारे तुटलेले घोटे, मांड्या, मणके विमानातून पडलेल्यांचे नसतात. द्वारका चौक, मुंबई नाका, पेठ रोड. २०२२ मध्ये या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. २०२१ ला आपल्या शहरात "नो हेल्मेट, नो पेट्रोल" निघालं तेव्हा लोकांनी काय केलं? पंपावर शेजारच्याचं हेल्मेट दोन मिनिटं डोक्यावर घालून पेट्रोल भरलं आणि परत दिलं. त्याच लोकांना उंचावरच्या उडीची काळजी वाटते. कॉलेज रोडला पोरं तिघं-तिघं बसून जातात, पुढच्याच्या मांडीवर मोबाईल. त्यांच्या आयांना सांगा आधी.

वैशाली_इंदिरानगर:
डॉक्टर, मी त्याच आयांपैकी एक आहे, आणि माझा मुलगा हेल्मेट घालतो. त्याला एकविसाव्या वाढदिवसाला भेट म्हणून उडी हवी आहे. हरियाणात नारनौलजवळ जायचं म्हणतो. तीसेक हजार आणि जायचा-यायचा खर्च वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची मुलगी आणि तिचा पायलट, दोघंही गेले. ती बातमी वाचल्यापासून घरात हा विषय निघाला की मी स्वयंपाकघरात जाते. कुणी सरळ सांगेल का, पाठवू की नको?

सातव्या_मजल्यावरून:
ताई, केरीला झालं ते पॅराग्लायडिंग. कृपा करून दोन्ही एका पोत्यात भरू नका, प्रत्येक चर्चेत हेच होतं. ग्लायडिंगमध्ये डोंगराच्या कडेवरून उघड्या कापडासकट पळत जायचं. खाली जमीन जवळ, वारा फिरला तर सावरायला उंचीच नाही. स्कायडायव्हिंगमध्ये उंची हीच तुमची सवड. टँडममध्ये ५ हजार फुटांच्या आसपास मुख्य पॅराशूट उघडतं. ते बिघडलं तर ते तोडून राखीव पॅराशूट उघडायचं. प्रशिक्षक बेशुद्ध पडला तरी ठराविक उंचीखाली वेग जास्त राहिला की राखीव उघडणारं यंत्र असतं, आज सर्रास दिसणारा त्यातला प्रकार १९९१ साली पहिल्यांदा आला.

आकडे हवेत तर अमेरिकन स्कायडायव्हिंग संघटनेचे घ्या. २०२३ मध्ये ३६.५ लाख उड्या, १० मृत्यू. टँडमला तर साधारण ५ लाख उड्यांमागे एका विद्यार्थ्याचा मृत्यू. जे मरतात त्यांत अनुभवी पुष्कळ, आणि बऱ्याचदा पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असतं. जमिनीजवळ झोकात वळण घ्यायला जातात आणि आपटतात.

गोदाकाठचा:
वा, अमेरिकेचे आकडे घेऊन हरियाणात उडी मारा. आणि तो ऑस्ट्रियाचा उडीबाज बाउमगार्टनर? २०१२ मध्ये ३९ किलोमीटरवरून उडी मारून जिवंत आला आणि जुलै २०२५ मध्ये इटलीत साध्या मोटारीच्या पॅराग्लायडरवर गेला. ही नशाच आहे, एकावर थांबत नाही.

सातव्या_मजल्यावरून:
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध केलंत. ग्लायडर!

सातपूरकर:
ना भो, एवढे तीस हजार घालवायची गरजच काय? त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्यावर जा. शंभर रुपयांचं पेट्रोल, वर सरबत वीस रुपयात, आणि पडलात तर कुणी फॉर्मही भरून घेत नाही.

किल्लेदार_त्र्यंबक:
हे शेवटी कुणीतरी बोललं. हरिहरचा तो जिना कातळात कोरलेला, जवळजवळ उभा, हात धरायला बाजूला खोबण्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या, या पायऱ्या मात्र राहिल्या. आता त्यांचं काय चाललंय ते शनिवारी-रविवारी बघा. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यात समोरासमोर. खोबणीत ज्याचा हात आधी गेला त्याची पायरी. मध्येच एक जण रील काढायला थांबतो आणि त्याच्या खाली चाळीस माणसं लटकलेली. वरून माकड आलं की एकच किंकाळी. गुळगुळीत सोलच्या पांढऱ्या बुटांत माणसं येतात हो!

सातपूरकर:
आम्ही रविवारीच जाणार ना, सोमवारी कंपनी आहे. किल्ला काय फक्त इतिहासवाल्यांचा?

किल्लेदार_त्र्यंबक:
इतिहासवाल्यांचा नाही, पण कुरकुऱ्यांच्या पाकिटांचाही नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही वरच्या टाक्यातून पोतंभर बाटल्या काढल्या.

हर्षेवाडीचा_पोरगा:
दोघंही शहरातून बोलताय. गर्दी नसली तर आमच्या ताकाच्या टपऱ्या बंद. गर्दी झाली तर पडलेला माणूस झोळीत घालून खाली आणायला आम्हीच. मागे एकीचा पाय मुरगळला, मी आणि चुलतभावाने जिन्यावरून उतरवली. तिचा नवरा पूर्ण वेळ "हळू, हळू" म्हणत मोबाईल धरून होता. तुमच्या विमानवाल्याला पट्टे असतात, प्रशिक्षक असतो. इथे दोर लावायलासुद्धा कुणी नाही. २०२१ ला राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं म्हणतात, जमीन-पाणी-हवा तिन्हीसाठी. आमच्या जिन्यापर्यंत अजून चढायचंय त्याला.

हाडवैद्य:
तेवढ्या उंचीवरून पडलेला एक मुलगा मीही पाहिलाय. कमरेखाली संवेदना नव्हती. हरिहरला पाऊस असताना जाऊच नये.

किल्लेदार_त्र्यंबक:
पावसात तर नाहीच. पण सांगणार कोण? सांगितलं की "काका, तुम्ही घरी बसा."

वैशाली_इंदिरानगर:
माझा प्रश्न हरिहरच्या टाक्यात बुडाला वाटतं.

ओझरचा_निवृत्त:
ताई, मी सांगतो. आयुष्य ओझरला विमानांच्या सोबत गेलं. लढाऊ विमान उतरताना मागे ब्रेक पॅराशूट फुलतं ते लोकांना दिसतं, ते टेबलावर घडी करणारा दिसत नाही. आमच्याकडे कुठलंही काम सहीशिवाय पुढे सरकत नसे. कुणी केलं, कधी केलं, कुणी तपासलं. पट्टी एका बोटाने इकडची तिकडे झाली तर पुन्हा उघडा.

इथे वर सगळे धाडस, शौर्य, आकडे यावर भांडतायत. तुमच्या मुलाच्या धाडसाशी काही देणंघेणं नाही, तो पुढे अडकवलेला प्रवासी आहे. प्रश्न ती घडी कुणी केली हा आहे. राखीव पॅराशूट वापरलं नाही तरी मुदतीत उघडून पुन्हा बांधावं लागतं, अमेरिकेत ती मुदत १८० दिवस आहे आणि परवाना असलेला माणूसच ते करतो. त्याचं कार्ड पॅराशूटबरोबर असतं. मुख्य पॅराशूट मात्र दर उडीनंतर बांधलं जातं, आणि गर्दीच्या दिवशी बांधणाऱ्याच्या डोक्यावर पुढची खेप उभी असते. मुलाला म्हणावं, राखीवचं कार्ड बघ, राखीव आपोआप उघडणाऱ्या त्या यंत्राच्या तपासणीची तारीख बघ, प्रशिक्षकाला किती वर्षं झाली विचार. तिकडे नियमाने टँडम प्रशिक्षकाला किमान ५०० उड्या आणि तीन वर्षं लागतात. वारा जास्त असेल तर रद्द करतात का, आणि पैसे परत देतात का, हेही विचार. पैसे परत न देणारा माणूस वाऱ्यातही उडवतो.

कलम_वाचणारा:
आणि विमा! अपघात विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत नियमित विमानसेवेचा तिकीटधारी प्रवासी सोडला तर हवेतले बाकी प्रकार वगळलेले असतात. एजंट "सगळं कव्हर आहे हो" म्हणतो, त्याला ती ओळ बोटाने दाखवायला सांगा. माझ्या मेहुण्याने दाखवायला सांगितली, तर एजंटचा चष्माच घरी राहिला होता.

गोदाकाठचा:
काकांची यादी मान्य. उनाड पाखराचं "नको म्हणायची मुभा होती" हेही, चला, अर्धं मान्य. बाकी अर्धं तीस हजारांनी मारलं. पण त्या पोस्टवाल्याने यातलं एक तरी विचारलं असेल का? पैज लावतो, नाही.

उनाड_पाखरू:
मीही नव्हतं विचारलं. तुम्ही मिसळ खाताना तेल कधीचं ते विचारता का?

गोदाकाठचा:
मिसळ खाऊन कुणी १३ हजार फुटांवरून पडत नाही, ताई.

देवळाली_कॅम्प:
काही ठिकाणची खाऊन पडतो.

वैशाली_इंदिरानगर:
मुलाने काल त्यांना फोन केला. कार्डाचं विचारलं तर पलीकडचा म्हणे, "आजवर कुणी विचारलं नाही, पण आहे. फोटो पाठवतो." आता मुलगा माझ्यावर नाराज, की त्याला लाज वाटली. तीस हजार देताना लाज वाटत नाही, विचारताना वाटते! फोटो आला तर हो म्हणू का?

ओझरचा_निवृत्त:
फोटोवर नको. तिथे गेल्यावर पट्टे बांधायच्या आधी, जे पॅराशूट त्या दिवशी वापरणार त्याचंच कार्ड हातात घेऊन तारीख वाचायची. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.