मामांचं ट्रंपेट: मधलं पिस्टन अडकलंय, पितांबरी लावू का?

मानसी_कऱ्हाड
मामा लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. बँड मोडला तसं ते माळ्यावर गेलं. आता माझ्या लेकीला शिकायचंय म्हणून मामींनी पेटीसकट पाठवून दिलंय. मेरठचं आहे. मधलं पिस्टन दाबलं की खालीच राहतं, पुढची मोठी स्लाइड (ओढून काढायची वळणाची नळी) हलायचं नाव घेत नाही, माऊथपीसमध्ये हिरवं साचलंय आणि वास तर विचारूच नका. बाहेरून पिवळंधमक आहे, फक्त धरायच्या जागी काळपट डाग पडलेत. सासूबाई म्हणतात चिंच-मीठ लाव, समया कशा लख्ख निघतात. मी पितांबरी आणून ठेवलीये. पिस्टनला खोबरेल चालेल का?

गोट्या_सांगली
खोबरेल नको! थंडीत बाटलीत गोठतं ते, पिस्टनमध्ये पण गोठणारच की.

आप्पा_बँडवाले
ताई, पितांबरी समयांसाठी राहू द्या. तुमच्या बाज्यावर लॅकरचा पातळ थर आहे, चकाकतोय तो थर. पावडरीनं घासलात की तो निघून जाईल आणि उघडं पितळ सारखं काळं पडत राहील. चिंच तर अजिबात नको. आंबट नळीत राहून गेलं तर पितळातलं जस्त खातं आणि तांब्याचे लालसर ठिपके उमटतात.

सुरुवात पिस्टनपासून करा. वरची टोपी फिरवून सोडवायची आणि पिस्टन सरळ वर ओढायचं. प्रत्येकावर १, २, ३ आकडे कोरलेले असतात, १ नंबर तोंडाकडचा. अदलाबदल झाली की भोकं जुळत नाहीत, मग गाल फाटेस्तोवर फुंका, आवाज निघत नाही. नवशिके इथंच घाबरून बाजा दुकानात नेतात. अडकलेल्या पिस्टनवर पातळ तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवा. खालून स्क्रू ड्रायव्हरनं ठोकू नका.

मोठ्या स्लाइडच्या सांध्यांवरही तेल सोडा. दुसऱ्या दिवशी तिच्या वळणातून सुती कापडाची पट्टी ओवून दोन्ही टोकं मुठीत धरा आणि झटका द्या. पक्कड लावाल तर नळी चेपेल. १ आणि ३ नंबरच्या स्लाइड काढताना त्यांचं पिस्टन दाबून धरायचं, नाहीतर आत हवा शिरत नाही आणि स्लाइड मागे ओढली जाते.

मग लहान मुलांच्या टबात जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब. कढत पाण्यानं लॅकर सुटतं. दोन्ही टोकांना ब्रश असलेली लवचिक तार मिळते, ती नळ्यांतून फिरवा. पहिलं पाणी बघून जेवण जाणार नाही. पिस्टनवरच्या नमद्याच्या चकत्या मात्र भिजवू नका. सगळं वाळलं की स्लाइडला ग्रीस, पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइल, म्हणजे पिस्टनसाठीचं पातळ तेल. सीझनला आम्ही शिलाई मशीनचं तेलही घालायचो, पण ते जड असतं, पोरीची बोटं दमतील.

माऊथपीस साबणानं घासून निघेल. ओठ टेकतात तिथला मुलामा उडाला असेल तर नवीनच घ्या, उघड्या पितळानं ओठाला खाज सुटते.

तुतारीवाला_जुन्नर
आप्पा, तुतारीला पितांबरी चालते ना? आम्ही दर मिरवणुकीआधी लावतो.

आप्पा_बँडवाले
लॅकर नसेल तर बाहेरून खुशाल लावा. फक्त सांध्यात पावडर राहू देऊ नका, पुढच्या वेळी तुकडे सुटायचे नाहीत.

मानसी_कऱ्हाड
स्लाइड निघाली! आतून काळं पाणी आलं, सासूबाई बघून गप्प. २ नंबर पिस्टनही बाहेर आलं, पण धुऊन तेल घालूनही बरोब्बर अर्ध्यावर अडतंय.

आप्पा_बँडवाले
रोज त्याच जागी अडतं म्हणजे मळ नाही, मार आहे. मधल्या पिस्टनच्या बाजूला ती आखूड स्लाइड बाहेर आलेली दिसते ना? माळ्यावर पेटीवर काही पडलं असेल, तिला धक्का बसला की मागची नळी, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतं ती, किंचित आत दबते. पिस्टन आणि नळीतली फट मुळातच केसाहून बारीक, दबलेलं डोळ्यांना दिसतही नाही. पॉलिश पेपरनं पिस्टन घासायला जाऊ नका, हवा गळायला लागेल. बाजे दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या, आणि नेताना तिन्ही पिस्टन बरोबर न्या. सुटा भाग लागलाच तर मेरठच्या जली कोठी भागात मिळेल, आमचे तिथूनच यायचे.

मानसी_कऱ्हाड
नेते. आणि ते काळे डाग?

आप्पा_बँडवाले
डाव्या हाताचा घाम आहे तो. राहू द्या, आवाजाला काही होत नाही. वाजवून झालं की कोरड्या कापडानं पुसायचं, मोठ्या स्लाइडवरची छोटी चावी दाबून आतलं पाणी काढायचं. आणि पोरीला सांगा, जिलबी खाऊन चूळ न भरता फुंकायचं नाही. आमच्या बँडची निम्मी पिस्टनं लग्नाच्या पंगतीनं चिकटायची.