‘खत’, ‘खात’ की ‘कात’?

प्रश्न : येमेन आणि सोमालियात लोक ज्या झुडपाची पाने तोंडात धरतात, त्याचे नाव मराठी बातम्यांत कधी ‘खत’ तर कधी ‘खात’ असे छापले जाते. योग्य लेखन कोणते? आणि या क्रियेला ‘चघळणे’ म्हणावे का?

उत्तर : मूळ अरबी शब्दाचे पहिले अक्षर ‘कलम’, ‘कायदा’, ‘किल्ला’ या शब्दांत आहे तेच आहे, आणि मराठीने त्याचा बहुतेक वेळा ‘क’च केला असल्यामुळे ‘कात’ हे लेखन न्याय्य ठरते. ‘ख’ हा इंग्रजी स्पेलिंगवरून आलेला दिसतो. ‘खत’ लिहिले की शेणखत आठवते आणि ‘खात’ लिहिले तर ‘लोक खात खातात’ अशी वाक्ये वाचावी लागतात. अर्थात ‘कात’ही निर्वेध नाही, कारण विड्यातला कात खैराचा गाभा उकळून काढतात (कातकरी हे नाव त्यावरूनच पडले), तो तुरट असतो, उत्तेजक नव्हे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘येमेनी कात’ आणि पुढे ‘काताची’ऐवजी ‘कातची पाने’ असे लिहावे, हे मला बरे वाटते.

‘चघळणे’ मात्र अपुरे आहे. गोळी चघळली की ती विरघळून संपते. इथे कोवळी पाने चावून त्यांचा गोळा एका गालात तासन्‌तास वाढवत नेतात आणि रस गिळतात. येमेनी अरबीत याला ‘तख्झीन’, म्हणजे साठवण, म्हणतात. आपला ‘खजिना’ त्याच धातूचा. मराठीत याला सर्वांत जवळचा प्रयोग ‘तोबरा भरणे’ हा आहे, जो मुळात घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीवरून आला.

‘नशा’ हा शब्द जपून वापरावा. पानांतील कॅथिनोन हे अँफेटामाइनच्या जातीचे उत्तेजक असल्याने आधी तरतरी येते, जीभ सुटते, भूक मरते; ओसरताना खिन्नता आणि निद्रानाश उरतो. रक्तदाब व हृदयाचे ठोके वाढतात, आणि नित्य सेवन करणाऱ्यांत बद्धकोष्ठ, हिरड्यांचे विकार व हृदयविकाराचा धोका आढळतो. पाने सुकू लागली की कॅथिनोन घटते, त्यामुळे जुडी रोज ताजी विकत घ्यावी लागते आणि घरखर्चातला मोठा वाटा तिच्यावर जातो. दुपारच्या बैठकांत सौदे ठरतात, तंटे मिटतात, लग्ने जुळतात. म्हणून तोबरा न भरणारा माणूस केवळ एका सवयीपासून नव्हे, तर व्यवहारापासूनही दूर पडतो. येमेनची राजधानी साना शहराच्या परिसरात भूजलाचा मोठा उपसा याच पिकासाठी होतो, हेही ‘व्यसन’ या एका शब्दात मावत नाही.

‘अमली पदार्थ’ ही संज्ञा देश पाहून वापरावी. ब्रिटनमध्ये 2014पासून या पानांवर बंदी आहे, तेव्हा तिथल्या बातमीत ती योग्य आहे. येमेनमध्ये ती उघड बाजारात विकली जातात, तिथे ‘उत्तेजक पाने’ एवढेच म्हणावे.